स्ट्राँग बेल्जियन एलसाठी यीस्ट निवडताना: विदर्भातल्या खोलीत नेमके काय ताडून पाहावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घेंटला शिकत असताना तुम्ही घरी स्ट्राँग बेल्जियन एल ही कडक बिअर करत होता आणि ती चांगली जमत होती. वरुडजवळच्या संत्र्याच्या बागेत परत आल्यावर तीच कृती आणि तोच माल्ट घेऊन तुम्ही दोन तुकड्या लावल्या. ऑक्टोबरात बीई-२५६ हे कोरडे यीस्ट घालून केलेल्या तुकडीची घनता (पाण्याची १.००० धरून; साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०८४ वरून १.०१० पर्यंत उतरली, पण तिला नेलपॉलिशसारखा वास आला आणि घोट घशाला झोंबू लागला. जानेवारीत एस-३३ हे दुसरे कोरडे यीस्ट घालून केलेली तुकडी १.०२४ वर थांबली आणि गोडमिट्ट राहिली. आता तिसरे कोणते यीस्ट घ्यावे, बेल्जियमच्या वेस्टमाल मठातल्या वाणाचे द्रव यीस्ट मागवणे योग्य ठरेल का, आणि तळाशी बसलेले यीस्ट पुढच्या तुकडीला वापरता येईल का, हे तुम्हाला विचारायचे आहे.

कायद्याचे आधी सांगतो, कारण त्याला वळसा घालता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणे हा गुन्हा आहे, आणि ती घरच्यापुरतीच आहे, विकायची नाही, असे म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. मी एका परवानाधारक छोट्या ब्रुअरीत यीस्टचे काम पाहतो आणि पुढे जे लिहितो आहे ते तिथल्या चाचणीच्या भांड्यांवरून लिहितो आहे. तुमच्याही पुढच्या चाचण्या अशाच एखाद्या ठिकाणी ओळखीने, त्यांच्या परवान्याखाली व्हाव्यात. आमची चाचणीची खोली पत्र्याखालची आहे आणि तिथे एसी नाही, त्यामुळे तुमच्या बागेतल्या खोलीची अडचण मला परकी नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही बीई-२५६ आणि एस-३३ यांची तुलना केली असे तुम्हाला वाटते, पण प्रत्यक्षात तुम्ही ऑक्टोबर आणि जानेवारी यांची तुलना केली आहे. दोन्ही वेळी यीस्ट बदलले, खोलीचे तापमान बदलले आणि बहुधा यीस्टची मात्राही बदलली. अशा परिस्थितीत कोणता दोष कोणाच्या माथी मारायचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. बेल्जियमचेच उदाहरण घ्या. वेस्टव्लेटेरेनच्या मठातले साधू स्वतःचे यीस्ट सांभाळत नाहीत, ते वेस्टमालच्या मठातून आणतात. वेस्टमालला किण्वन विसाच्या आसपास आवरून धरतात; वेस्टव्लेटेरेनला तेच यीस्ट २८-२९ अंशांपर्यंत चढू देतात. पाककृतीही वेगळ्या आहेत, हे खरे आहे, पण एकाच यीस्टपासून वेस्टमालची ९.५ टक्क्यांची सोनेरी ट्रिपेल आणि वेस्टव्लेटेरेनची १०.२ टक्क्यांची गडद एल, अशा दोन वेगळ्या वळणाच्या बिअर निघतात, एवढे तरी त्यावरून दिसते. म्हणून पाकिटावरचे नाव पाहण्याआधी मी नेहमी एक गोष्ट विचारतो: या चवीतले काय वाणाने ठरते आणि काय वागणुकीने?

वाणाने ठरते ते असे. लवंग आणि मिरीची छटा फिनॉल नावाच्या संयुगांची असते. माल्टमधल्या फेरुलिक आम्लाचे रूपांतर करण्याची क्षमता यीस्टच्या जनुकांत असते किंवा नसते, आणि नसेल तर तापमान कितीही बदलले तरी लवंग येत नाही. कोणत्या साखरा खाता येतात हेही वाणच ठरवते. माल्टोज ही माल्टमधली मुख्य साखर बहुतेक सगळी यीस्ट खातात, पण माल्टोट्रायोज ही तिच्याहून मोठी साखर खाण्यात काही वाण कच्चे असतात आणि तेवढा गोडवा ग्लासात उरतो. किण्वन संपल्यावर यीस्ट तळाशी घट्ट बसते की तरंगत राहते, हाही वाणाचाच गुण आहे. याउलट केळी, पिकलेले पेर, सुकामेवा अशा वासांचे एस्टर किती तयार होतील, आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोले किती येतील, हे मुख्यतः वागणुकीवर अवलंबून असते: सुरुवातीचे तापमान, यीस्टची मात्रा, वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यामध्ये, मिसळलेला प्राणवायू आणि वॉर्टचा दाटपणा. यातले बरेचसे पहिल्या तीन दिवसांत, यीस्ट वाढत असतानाच ठरून जाते. नंतर खोली कितीही थंड केली तरी तयार झालेले एथिल असिटेट (नेलपॉलिशसारख्या वासाचा एस्टर) परत जात नाही.

या दृष्टीने तुमच्या पहिल्या तुकडीकडे पाहू. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारी पारा ३२-३४ अंशांवर असतो. जोमात आलेली वीस लिटरची तुकडी खोलीपेक्षा सहज पाच-सात अंश गरम होते, म्हणजे भांड्यातले तापमान पस्तिशीच्या पुढे गेले असणार. त्यात तुम्ही एवढ्या दाट वॉर्टला साडेअकरा ग्रॅमचे एकच पाकीट घातले. नेलपॉलिशचा वास म्हणजे एथिल असिटेट, आणि उष्णता अधिक अपुरे यीस्ट हा तो येण्याचा हमखास मार्ग आहे. बीई-२५६ चा यात विशेष दोष नाही. ते मुळातच वेगवान यीस्ट आहे आणि वेगवान यीस्ट स्वतःची उष्णताही झपाट्याने निर्माण करते.

शेवटच्या आकड्याबद्दलही थोडी शंका घ्यावी लागेल. हायड्रोमीटर वीस अंशांसाठी आखलेला असेल आणि नमुना ३२ अंशांचा असेल, तर तो सुमारे तीन अंक (एक अंक म्हणजे ०.००१) कमी दाखवतो, कारण गरम द्रव विरळ असतो. म्हणजे तुमचे १.०१० हे खरे तर १.०१३ असावे. तसे धरले तर त्या यीस्टने दिसत्या हिशेबाने ८५ टक्क्यांच्या आसपास साखर संपवली, आणि बीई-२५६ कडून तेवढीच अपेक्षा असते. हायड्रोमीटरच्या आतल्या कागदी पट्टीवर तो किती अंशांसाठी आखला आहे ते बारीक अक्षरात छापलेले असते. काही वीस अंशांचे असतात, काही साडेपंधराचे. ते एकदा भिंगाखाली वाचून घ्या आणि नमुना उंच पेल्यात घेऊन पाण्यात ठेवून त्या तापमानाला आणल्यावरच नोंद करा.

दुसरी तुकडी अडकली असे तुम्ही म्हणता. १.०८४ वरून १.०२४ म्हणजे सुमारे ७१ टक्के, आणि एस-३३ सर्वसाधारणपणे ६८ ते ७२ टक्क्यांवरच थांबते. म्हणजे ती अडकली नाही, तिचे काम तिथे संपले. हा वाणाचा गुण आहे, आणि कोरडी बेल्जियन चव हवी असेल तर त्या यीस्टकडे जाऊच नये. मात्र हे अनुमान आहे, आणि अनुमान पडताळून पाहायला सोपी युक्ती आहे. पुढच्या वेळी यीस्ट घातल्यानंतर लगेच तीनशे मिलिलिटर वॉर्ट वेगळे काढा, त्यात त्याच यीस्टची चांगली चिमूटभर जास्त भर घाला, बाटलीच्या तोंडाला फॉइल लावा आणि स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांत ते जिथे थांबेल ती त्या वॉर्टची त्या यीस्टपुरती मर्यादा. चव पाहायला ते निरुपयोगी असते, पण आकडा खरा सांगते. मुख्य भांडे त्याच आकड्यावर थांबले तर यीस्ट निर्दोष आहे; त्याच्या बरेच वर थांबले तर रात्रीच्या गारठ्याने यीस्ट झोपले किंवा प्राणवायू कमी पडला, असे समजावे. दोन्हीकडचा आकडा अपेक्षेपेक्षा वर राहिला तर माल्ट भिजवतानाचे तापमान तपासा. सदुसष्ट-अडुसष्ट अंशांऐवजी चौसष्ट-पासष्टला भिजवले की यीस्टला न खाता येणाऱ्या साखरा कमी उरतात.

आता तुलना कशी करावी ते सांगतो, कारण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. वॉर्ट एकदाच करा, सोळा लिटर. ते उकळून, थंड करून, नीट हलवून चार सारख्या बरण्यांत चार-चार लिटर ओता. बरण्या सहा लिटरच्या असाव्यात, कारण या यीस्टचा फेस फार चढतो. तीन बरण्यांत तीन वाण घालायचे आणि चौथ्या बरणीत या तिघांपैकी एकच पुन्हा घालायचा. ही चौथी बरणी बहुतेक लोक वाया गेलेली समजतात, पण तिच्याशिवाय बाकीच्या तिघींना काही अर्थ नाही. एकाच यीस्टच्या दोन बरण्यांत जेवढा फरक पडेल तेवढा तुमच्या हाताचा, खोलीचा आणि जिभेचा गोंधळ आहे. दोन वाणांतला फरक त्याहून मोठा नसेल तर तो फरकच नाही. आमच्याकडे शेजारी-शेजारी ठेवलेल्या एकाच यीस्टच्या दोन बरण्यांपैकी खिडकीकडची बरणी केळीच्या वासाने ओळखू येत असे, आणि जाणकारांनीही ती वेगळ्या वाणाची असल्याचे ठामपणे सांगितले आहे. तेव्हापासून आम्ही बरण्यांच्या जागा दररोज सकाळी फिरवतो.

यीस्ट सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर तोलून घाला. चार लिटरला पाच ग्रॅम पुरेसे होते. मोठ्या तुकडीसाठी हिशेब असा: एलसाठी प्रत्येक मिलिलिटरमागे, प्रत्येक अंश प्लेटोमागे (प्लेटो हे वॉर्टचा दाटपणा मोजायचे दुसरे माप) सुमारे साडेसात लाख पेशी धरतात. १.०८० म्हणजे सव्वाएकोणीस अंश प्लेटो, म्हणून वीस लिटरला जवळजवळ एकोणतीस हजार कोटी पेशी लागतात. एवढ्यासाठी कोरड्या यीस्टची दोन पाकिटे घ्यावीत. बेल्जियन चव यावी म्हणून मुद्दाम यीस्ट कमी घालण्याचा सल्ला काही जण देतात. घेंटच्या थंड तळघरात कदाचित ते चालून जात असेल, पण वरुडला ते करू नये.

चव पाहताना पेल्यांवर नावे नसावीत. तीन पेले भरून घ्या, त्यातले दोन एकाच बरणीतले आणि तिसरा दुसरीतला, आणि वेगळा कोणता ते घरातल्या कोणाला तरी ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतेच, म्हणून लागोपाठ दोन-तीनदा ओळखता आले तरच फरक खरा मानावा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: चार लिटरची बरणी वीस लिटरच्या भांड्याइतकी तापत नाही. बरणीत सौम्य वाटलेले यीस्ट मोठ्या भांड्यात दोन-तीन अंश जास्त गरम होऊन अधिक फळकट लागेल. म्हणून बरण्यांतून वाण निवडावा, पण मोठ्या तुकडीचे तापमान त्यावरून ठरवू नये.

तापमानाचे उत्तर तुमच्या साधनांवर अवलंबून आहे. जुना फ्रीज आणि तापमान-नियंत्रक असेल, आणि तुमच्या डीपीवर लाइन टिकत असेल, तर वर्षभर काम करता येईल. नसेल तर हवामानाशी जमवून घ्यावे लागेल. ओले पोते आणि कूलर यांवर फार विश्वास टाकू नका. मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते तेव्हा ओले कापड तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत हवा अवघी ३० अंशांची पण आर्द्रता ८५ टक्के असते, आणि तेच कापड २८ च्या खाली जात नाही. शिवाय मे महिन्यातले २३ ही कागदावरची सीमा आहे, प्रत्यक्षात त्याच्या चार-पाच अंश वरच राहावे लागते. स्ट्राँग एलचे पहिले तीन दिवस यापैकी कशातही निभत नाहीत.

निभतो तो आपला हिवाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ या बिअरसाठी मला उत्तम वाटतो, फक्त दिवस-रात्रीतले अंतर तोडावे लागते. रात्री दहा-बारा आणि दुपारी अठ्ठावीस अंश, हा झोका यीस्टला मानवत नाही. जाड मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची खोली निवडा आणि भांडे पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात गळ्यापर्यंत ठेवा. साठ-सत्तर लिटर पाणी दिवसाची उष्णता अंगावर घेते आणि रात्री सावकाश सोडते. वॉर्ट संध्याकाळी १८ अंशांवर असताना यीस्ट घाला. पहिले तीन दिवस ते २० च्या वर जाऊ देऊ नका. गरज पडली तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात सोडा. चौथ्या दिवशी बाटल्या काढून घ्या आणि भांडे आपणहून २४-२५ पर्यंत चढू द्या. फेस बसू लागला की टबातून काढून गोधडीत गुंडाळा, म्हणजे रात्रीच्या गारठ्याने यीस्ट काम अर्धवट टाकून खाली बसणार नाही. पाककृतीत साखर असेल तर ती सुरुवातीला न घालता तिसऱ्या दिवशी उकळून थंड केलेल्या पाकाच्या रूपाने घाला, म्हणजे यीस्ट आधी माल्टोज खाण्याच्या सवयीला लागते. गडद एलसाठी बिनहायड्रोसचा (रंग उजळवायचे रसायन न घातलेला) काळपट गूळ चालतो, थोडी खारट-मातकट छटा देतो आणि ती मला आवडतेही; सोनेरी ट्रिपेलमध्ये मात्र साधी साखरच बरी.

आता वाणांबद्दल. बीई-२५६ पुन्हा वापरून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. थंडीत, दोन पाकिटे घालून, वर सांगितल्याप्रमाणे ते चालवले तर तुम्हाला ओळखू येणार नाही इतके सभ्य वागते. त्याचा कल लवंगेपेक्षा फळांकडे असतो आणि तळ घट्ट बसतो. लालब्रू अबे हे दुसरे कोरडे यीस्ट बरण्यांत अवश्य असावे. १७ ते २५ अंश ही त्याची शिफारस केलेली मर्यादा आहे. कमी तापमानाला ते मनुका, खजूर, अंजीर यांच्या वळणावर जाते आणि वरच्या बाजूला केळी-मसाल्याकडे झुकते. गडद एल करायची असेल तर तुमच्या हिवाळ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. टी-५८ मिरी-लवंगेचे आहे. एकट्याने ते मला जरा कर्कश वाटते, पण तिसऱ्या बरणीत ते ठेवा, कारण फिनॉल म्हणजे काय हे जिभेला त्याच्याइतके स्पष्ट कोणी शिकवत नाही. एस-३३ ची कहाणी तुम्ही पाहिलीच आहे.

एका गटापासून मात्र सावध राहा. बेल सेझाँ आणि बीई-१३४ यांसारखी यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारची आहेत. त्यांना एसटीए-१ नावाच्या जनुकामुळे असे विकर बनवता येते की इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिनेही ती हळूहळू तोडून खातात. १.०१२ वर थांबली असे समजून बाटलीत भरलेली बिअर तिथून १.००६ पर्यंत उतरली, तर प्रत्येक अंकामागे बिअरच्या सुमारे अर्ध्या आकारमानाइतका वायू या हिशेबाने बाटलीत जास्तीचे तीन आकारमान कार्बन डायऑक्साइड जमा होतो. बेल्जियन एलमध्ये मुळातच तीनच्या आसपास वायू ठेवतात. नेहमीच्या ६५० मिलिलिटरच्या, एकदा वापरलेल्या बाटल्या एवढा दाब सहन करण्यासाठी नसतात, आणि एप्रिलच्या उष्णतेत त्या फुटल्या तर काचा भिंतीत रुततात. चाचणीच्या चार बरण्यांत यातले एक यीस्ट असेल तर नळ्या आणि बुचे वेगळी ठेवा, कारण दुसऱ्या बरणीत त्याचा थेंबही पुरतो. भरण्याआधी तीन-चार दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जुळले पाहिजेत, आणि वर सांगितलेल्या उबदार बाटलीतल्या आकड्याशीही ते जुळले पाहिजेत.

भरल्यानंतर लगेच निकाल देऊ नका, पण वर्षभर मुरवण्याचा बेल्जियन रिवाजही इथे जसाच्या तसा पाळू नका. जानेवारीत भरलेली एल मार्चअखेरीस छान लागते. ती फ्रीजबाहेर ठेवून मेअखेरच्या नवतप्यापर्यंत पोहोचली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा शिळा वास येतो आणि त्याचा दोष पुन्हा यीस्टवर ढकलला जातो. बरण्यांची तुलना भरल्यापासून तीन आठवड्यांनी एकदा आणि दहा-बारा आठवड्यांनी एकदा करावी, दोन्ही वेळी बिअर दहा-बारा अंशांवर असताना. झोंबणारी जड अल्कोहोले मुरल्याने जातील, अशी आशा मात्र ठेवू नका. तुमची ऑक्टोबरची तुकडी सुधारणार नाही.

वेस्टमालच्या वाणाचे द्रव यीस्ट उत्तमच आहे, वाईस्टचे ३७८७ किंवा व्हाइट लॅब्जचे ५३० या क्रमांकाने ते मिळते. पण पाकीट मुंबईहून किंवा बंगळूरहून वरुडला पोहोचेपर्यंत कोणत्या गोदामात किती तास पडून राहिले, यावर त्यातल्या पेशींचे जगणे अवलंबून असते. म्हणून डिसेंबर-जानेवारीशिवाय ते मागवू नका, आणि आले तरी थेट स्ट्राँग वॉर्टमध्ये घालू नका. आधी दोन लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम कोरडा माल्ट अर्क उकळून, गार करून त्यात त्याला दोन दिवस वाढू द्या. दोन दिवसांत फेस आला नाही तर पाकीट मेलेले होते, आणि माल्ट वाया जाण्याआधीच ते कळले.

तळाच्या यीस्टचे उत्तरही याच्याशीच जोडलेले आहे. नऊ टक्क्यांच्या बिअरच्या तळाशी उरलेले यीस्ट थकलेले असते. ते धुऊन पुढच्या स्ट्राँग तुकडीत घालणे मला मान्य नाही. क्रम उलटा करावा. डिसेंबरअखेरीस त्याच यीस्टने १.०४८ ते १.०५० ची हलकी बिअर लावा. दहा-बारा दिवसांत ती उतरली की तळातला वरचा पांढरट, मऊ थर उकळून गार केलेल्या बरणीत काढा आणि खालचा तपकिरी गाळ सोडून द्या. तो दाट थर साधारण तीनशे मिलिलिटर निघाला तर वीस लिटरच्या स्ट्राँग तुकडीला पुरतो. तो फ्रीजमध्ये आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे जानेवारीच्या मध्याला स्ट्राँग वॉर्ट तयार असले पाहिजे, आणि त्या सुमारास तुमच्याकडच्या रात्रीही अजून पुरेशा गार असतात.